सातपुड्यातल्या वणव्याचा धूर उपग्रहातून कसा शोधतात

फेब्रुवारी सरत आला की सातपुड्यातल्या सागाच्या पानांचा जमिनीवर जाड थर साचतो, डोंगरउतारावरचे गवत वाळून जाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये अक्कलकुवा, धडगाव, तोरणमाळपासून थेट यावल-रावेरच्या डोंगरांपर्यंत कुठे ना कुठे वणवा लागतो. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि ती आग हाताबाहेर जाते. कधी बांधावरची आग जंगलात शिरते, तर कधी वाटेत टाकलेली एक विडी पुरते. त्याच दिवसांत खाली तापीच्या खोऱ्यात गव्हाचे काड, उसाचे पाचट आणि कपाशीच्या पऱ्हाट्याही जळत असतात. दुपारी शहाद्याहून किंवा चोपड्याहून उत्तरेकडे पाहिले तर डोंगराची कड धुरकट झालेली दिसते. परंतु हा धूर कोणत्या आगीचा आहे, तो किती उंचीवर आहे आणि रात्रीतून कोणत्या गावावर उतरणार आहे, हे जमिनीवर उभे राहून सांगता येत नाही.

उपग्रहांच्या मदतीने ते बऱ्याच अंशी सांगता येते, मात्र एका छायाचित्रातून नव्हे. वरून फोटो घेतला की धूर दिसला आणि काम झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात आग कुठे आहे, धूर कुठवर गेला आहे, तो किती दाट आहे, किती उंच आहे आणि पुढे कुठे जाणार आहे, हे निरनिराळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे निरनिराळ्या उपग्रहांवरच्या निरनिराळ्या उपकरणांकडून घ्यावी लागतात. ती एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय धुराचा मार्ग हाती लागत नाही. यातला सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न उंचीचा आहे, असे माझे मत आहे; पण तिथवर जाण्याआधी आगीपासून सुरुवात करायला हवी.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार किरण बाहेर टाकत असते. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी काळपट तांबडे, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसू लागते, कारण तापमान वाढेल तशी त्यातून निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी आखूड होत जाते. हाच नियम जमिनीलाही लागू पडतो. साधारण २७ अंश सेल्सिअस तापमानाची जमीन सर्वाधिक ऊर्जा १० मायक्रोमीटरच्या (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून बाहेर टाकते, तर ५०० अंशांच्या पुढे गेलेली ज्वाळा ४ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक तेजस्वी असते. म्हणून आग शोधणारे उपकरण जमिनीकडे एकाच वेळी दोन तरंगलांबींत पाहते, एक सुमारे ४ आणि दुसरी सुमारे ११ मायक्रोमीटर. चित्रातल्या एका चौकोनाचा अगदी छोटा कोपरा जरी जळत असला, तरी ४ मायक्रोमीटरमधले तेज एकदम उसळते आणि ११ मायक्रोमीटरमधले फारसे हलत नाही. या दोहोंतील तफावतीवरून आग ओळखली जाते, आणि म्हणूनच चौकोनापेक्षा कितीतरी लहान आगही पकडता येते.

हा चौकोन, म्हणजे पिक्सेल, प्रत्यक्षात केवढा असतो हे आपल्या मोजमापात पाहिलेले बरे. नासाच्या टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाचा आगीसाठीचा चौकोन १ किलोमीटर बाजूचा, म्हणजे सुमारे २४७ एकरांचा आहे. सुओमी एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) या उपग्रहांवरच्या व्हिअर्स उपकरणाचा चौकोन ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे जवळपास ३५ एकरांचा. आपल्या इन्सॅट मालिकेतील उपग्रहांचा अवरक्त चौकोन ४ किलोमीटर बाजूचा आहे, त्यात १,६०० हेक्टर जमीन येते. दुसऱ्या टोकाला युरोपच्या सेंटिनेल-२ चा चौकोन १० मीटर बाजूचा, जवळजवळ नेमका एक गुंठा आहे.

नकाशावर आगीचा जो लाल ठिपका दिसतो, तो या चौकोनाचा मध्यबिंदू असतो. प्रत्यक्ष आग त्या ३५ एकरांत कुठेही असू शकते, आणि उपग्रह तिरक्या कोनातून पाहत असेल तर चौकोन आणखी पसरट होतो. सपाट शेतात याने फारसे बिघडत नाही. सातपुड्यात मात्र ३७५ मीटरांच्या आत एक खोल दरी मावते, आणि ठिपका एका सोंडेवर तर आग समोरच्या सोंडेवर असा प्रकार सहज घडतो. ठिपक्याच्या ठिकाणी पोहोचून काही दिसले नाही म्हणजे इशारा खोटा होता, असा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो.

खरोखर चुकीचे इशारेही येतात, आणि खानदेशात त्यांची कारणे समजण्याजोगी आहेत. एप्रिलमध्ये नांगरून टाकलेली काळी जमीन दुपारी इतकी तापते की तिच्या पृष्ठभागाचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा कितीतरी वर असते. एवढ्या तापमानाच्या वर गेले की आग, अशी ठरावीक मर्यादा लावली तर अर्धे भुसावळ आणि अर्धे जळगाव नकाशावर पेटलेले दिसेल. म्हणून गणनपद्धतीत प्रत्येक चौकोनाची तुलना त्याच्या शेजारच्या चौकोनांशी केली जाते; सगळाच परिसर तापलेला असेल तर तो आग नाही, पण एकच चौकोन शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे वेगळा असेल तर तिथे आग असण्याचा संभव मोठा. तरीही भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रासारखी कायम तप्त ठिकाणे, किंवा साक्री तालुक्यातल्या सौर प्रकल्पासारख्या जागी काचपट्ट्यांवरून परावर्तित होणारे ऊन, अशा गोष्टी फसवू शकतात. एकाच जागी महिनोन्महिने ठिपका दिसत राहिला तर तो वणवा नव्हे, एवढे साधे तारतम्य नकाशा वाचणाऱ्याने ठेवायला हवे.

आता धुराकडे वळू. दृश्य प्रकाशातल्या चित्रात धूर पातळ, निळसर-करड्या पडद्यासारखा दिसतो. धुराचे बहुतेक कण १ मायक्रोमीटरपेक्षा बारीक असतात आणि असे कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, त्यातून ही छटा येते. ढग पांढरेशुभ्र असतात, त्यांना फुगीर पोत असतो आणि त्यांची सावली जमिनीवर पडते; धुराला सहसा यातले काही नसते. ओळखीची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे त्याचा आकार: धूर एका बिंदूतून निघतो आणि वाऱ्याच्या दिशेने रुंदावत जातो. आगीचा लाल ठिपका आणि त्या रुंदावणाऱ्या पट्ट्याचे टोक एकमेकांवर बसले, तर तो धूर त्याच आगीचा असे बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येते.

कणांच्या याच बारीकपणाचा दुसरा उपयोग फार मोलाचा आहे. २ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण धुराच्या कणांमधून फारसे न अडखळता पार होतात, कारण कण त्या तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असतात. त्यामुळे डोळ्यांना जिथे केवळ राखाडी पडदा दिसतो, तिथे या तरंगलांबीतल्या चित्रात पडद्याखालची जळती रेघ स्वच्छ दिसते. ढगांतले पाण्याचे थेंब मात्र धुराच्या कणांपेक्षा अनेक पटींनी मोठे असतात आणि ते हे किरणही अडवतात. वणव्याच्या हंगामात खानदेशचे आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते, ही या कामातली मोठी सोय आहे.

एप्रिल-मेमध्ये अडचण येते ती धुळीची. पश्चिमेकडून येणारी धूळही आकाश धुरकट करते, आणि नुसत्या चित्रावरून दोन्हींत गल्लत होऊ शकते. इथे दोन कसोट्या उपयोगी पडतात. धुराचा परिणाम निळ्या प्रकाशात फार आणि लांब तरंगलांबींत झपाट्याने कमी होतो. धुळीचे कण जाड असल्याने तिचा परिणाम सगळ्या रंगांत जवळपास सारखा राहतो. दुसरी कसोटी वायूची. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि तो हवेत काही आठवडे टिकून राहतो. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचे ट्रोपोमी उपकरण हा वायू रोज मोजते. धुरकटपणा वाढला आणि त्याच पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइडही वाढला, तर तिथे ज्वलनाचा हात आहे. धूळ तो वायू घेऊन येत नाही. अतिनील किरणांवरून धूर आणि धूळ टिपण्याची आणखी एक पद्धत १९७८ मधल्या निम्बस-७ उपग्रहाच्या नोंदींपासून वापरता येते. तिचा विशेष असा की खाली उजळ वाळवंट असो वा ढगांचा थर, त्याच्या वर तरंगणारा धूरही तिला दिसतो.

धूर किती दाट, हे सांगणाऱ्या राशीला एरोसोल ऑप्टिकल डेप्थ म्हणतात. सूर्य डोक्यावर असताना तिची किंमत १ असेल, तर सरळ रेषेत येणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ३७ टक्केच जमिनीपर्यंत पोहोचतो. स्वच्छ हवेत ही किंमत ०.१ च्या आसपास असते. उपग्रह ही राशी जमिनीवरून आणि कणांवरून परत आलेल्या प्रकाशाच्या हिशेबातून काढतात आणि ती बरोबर आहे की नाही हे जमिनीवरून सूर्याकडे रोखलेल्या प्रकाशमापकांशी ताडून पाहतात. एरोनेट या नावाने अशा मापकांचे जागतिक जाळे आहे, आणि भारतात कानपूर हे त्याचे जुने केंद्र आहे.

इथे मात्र थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक गैरसमज इथूनच निघतात. ही राशी जमिनीपासून आकाशापर्यंतच्या संपूर्ण स्तंभाची असते. आपण श्वास घेतो ती हवा त्या स्तंभाच्या तळाची असते. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या जमिनीमुळे हवा जोराने वर-खाली घुसळली जाते आणि धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळतो. पहाटे जमीन थंड होते, तिच्यालगतचा थंड थर जड होऊन तळाशी बसतो आणि वरच्या हवेशी मिसळणे थांबते. समजा तेवढाच धूर दुपारी ३ किलोमीटर जाडीच्या थरात पसरला आहे आणि पहाटे ५०० मीटरच्या थरात कोंडला आहे. स्तंभाचा आकडा दोन्ही वेळी तोच राहील, पण नाकाशी येणारा धूर पहाटे सहापट असेल. उलटही घडते: वरच्या थरातून दुरून आलेला धूर आकाश पिवळट करतो आणि खालची हवा तुलनेने चांगली राहते. उपग्रहाचा आकडा पाहून आज आमच्या गावची हवा अमुक इतकी वाईट, असे परस्पर जाहीर करणे त्यामुळे योग्य नाही.

उंची मोजण्याचे दोन मार्ग आहेत. टेरावरच्या मिसर उपकरणात नऊ कॅमेरे आहेत. ते एकच धूर पुढून, वरून आणि मागून पाहतात, आणि त्या चित्रांमधल्या सरकण्यावरून उंचीचा हिशेब निघतो. दुसरा मार्ग लेसरचा. २००६ मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने २०२३ पर्यंत लेसरचे स्पंद खाली टाकून, परत येणाऱ्या प्रकाशाला किती वेळ लागला यावरून धुराच्या थरांची उंची मोजली, आणि मे २०२४ मध्ये सोडलेला अर्थकेअर उपग्रह आता तसेच काम करतो. लेसरची मर्यादा अशी की तो उपग्रहाच्या थेट खालची एक बारीक रेघच पाहतो, त्यामुळे नेमका आपल्या धुरावरून जाण्याचा योग क्वचितच येतो.

उंचीचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे मोठ्या वणव्यांनी दाखवून दिले आहे. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांचा धूर स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्याही वरच्या थरात चढला, त्याचा एक भाग सुमारे ३५ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचला आणि पृथ्वीला फेरी घालून आला. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर दूर न्यूयॉर्कमध्ये जमिनीलगत उतरला आणि दिवसा आकाश नारिंगी झाले. सातपुड्यातला वणवा बहुधा पालापाचोळा आणि गवत जाळत जमिनीलगत सरकणारा असतो. त्याची उष्णता धुराला एवढे वर फेकत नाही. धूर खालच्या मिसळणाऱ्या थरातच राहतो. म्हणजे तो पृथ्वीप्रदक्षिणा करणार नाही, पण पायथ्याच्या गावांना मात्र तो पुरेपूर भोगावा लागतो. बातम्यांत मोठ्या धुराची चित्रे येतात; आपल्या लोकांच्या छातीत जातो तो हा लहान, जमिनीलगतचा धूर, आणि त्याच्याकडे लक्ष देणारे फार थोडे आहेत.

वेळेचा प्रश्नही असाच आहे. व्हिअर्स वाहणारे उपग्रह ध्रुवीय कक्षेतून फिरतात आणि आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. त्यांची नजर बारीक, पण ती दिवसातून मोजक्या वेळाच पडते. इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून भारताकडे सतत पाहतात आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने चित्र पाठवतात, पण त्यांची नजर जाड. या फटीचा परिणाम पंजाब-हरियाणात दिसला. २०२४ च्या हंगामात नासातले शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवले की शेतातली बरीच जाळपोळ दुपारी उपग्रह निघून गेल्यानंतर होत आहे. म्हणजे ठिपके कमी झाले याचा अर्थ आगी तेवढ्या कमी झाल्या असा होत नाही. काड किंवा पाचट संध्याकाळी पेटवले तर ते तासाभरात जळून जाते, आणि रात्रीच्या दीडच्या फेरीला तिथे फक्त निवत चाललेली राख उरते. वणवा मात्र रात्रभर जळत राहिला तर त्या फेरीत सापडतो, किंबहुना रात्री जमीन थंड असल्याने तो अधिक स्पष्ट उठून दिसतो.

पुढचा टप्पा अंदाजाचा. आगीतून किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी शक्ती मेगावॅटमध्ये मोजली जाते, तिच्यावरून किती पाला जळतो आहे आणि किती धूर निघतो आहे याचा अंदाज बांधतात, आणि मग हवामानाच्या प्रतिमानातील, म्हणजे संगणकीय मॉडेलमधील वाऱ्यांवर तो धूर संगणकात सोडून देतात. जमिनीलगत वारा एका दिशेला आणि दीड किलोमीटरवर दुसऱ्या दिशेला असू शकतो, म्हणून सुरुवातीची उंची चुकली की दिशाच चुकते. शिवाय प्रतिमानांचेही चौकोन असतात. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या जागतिक अंदाजाचा चौकोन सुमारे ४० किलोमीटरचा आहे. यावल अभयारण्याचा डोंगर, पायथ्याची केळी आणि तापीचा काठ हे सारे त्यात एकाच आकड्यात विरघळून जाते. उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुतांशी पश्चिमेकडून वाहतो, तेव्हा नंदुरबारकडचा धूर खोऱ्यातून पूर्वेकडे सरकेल हे प्रतिमान सांगू शकते. रात्री डोंगरावरची थंड हवा गोमाई, अनेर, सुकी अशा नद्यांच्या दऱ्यांतून खाली वाहते आणि धूर घेऊन दरीच्या तोंडाशी असलेल्या गावांत उतरते, हे मात्र त्याला दिसत नाही. ते इथल्या माणसालाच ठाऊक असते, आणि उपग्रहाच्या माहितीला खऱ्या अर्थाने उपयोगी करणारी ही स्थानिक जाण आहे.

ही सर्व माहिती कोणालाही मोफत पाहता येते. नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर आगीचे ठिपके उपग्रह गेल्यानंतर साधारण तीन तासांत येतात, वर्ल्डव्ह्यूवर त्या दिवसाचे चित्र आणि त्यावर धुराच्या राशींचे थर चढवता येतात, आणि डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरून वणव्यांच्या सूचना देत आहे. नोंदणी केली की आपल्या भागातली सूचना मोबाइलवर येते. पायथ्याच्या गावातल्या एखाद्या शिक्षकाने किंवा आरोग्यसेविकेने मार्च ते मे एवढे पाहिले तरी पुरेसे आहे: दुपारच्या फेरीत आपल्या दरीच्या वरच्या अंगाला ठिपके आहेत का, हे सायंकाळी पाचच्या सुमारास पाहावे, आणि रात्रीच्या फेरीत ते टिकून आहेत का, हे पहाटे उठल्यावर पाहावे. दोन्ही वेळी ठिपके असतील आणि वारा पडलेला असेल, तर सूर्योदयाच्या आगेमागे धूर जमिनीलगत सर्वांत दाट असण्याची शक्यता मोठी. भारतीय मानकानुसार पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा तर १५ आहे. दाट धुरात हे दोन्ही आकडे सहज ओलांडले जातात. उन्हाळ्यात आपल्याकडे शाळा सकाळची असते आणि मुले सात वाजता मैदानात कवायतीला उभी असतात. अशा दिवशी कवायत वर्गातच घ्यावी, दम्याच्या रुग्णांनी सकाळचे फिरणे नऊनंतर करावे. तोवर ऊन तापून हवा पुन्हा वर चढू लागते आणि तळाशी साचलेला धूर विरळ होतो.